मारोतरावांनी काढलेला वॉल

भिलाईजवळच्या हथखोजात एक काळ असा होता, की गाडीचं भांडण मारोतराव खोब्रागड्यांपर्यंत गेलं की मिटलंच. मालक म्हणायचा गाडी चांगली आहे, ड्रायव्हर म्हणायचा बिघडली आहे, आणि दोघंही तावातावानं मारोतरावांच्या टिनाच्या शेडसमोर येऊन उभे राहायचे. मारोतराव लांबलचक पेचकस चालू इंजिनाला टेकवायचे, त्याच्या मुठीला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ शेडमधला हातोडासुद्धा थांबायचा. मग डोळे उघडून ते जे सांगत, ती काळ्या दगडावरची रेघ. त्यांना कोणी उलटून विचारल्याचं निदान मला तरी ठाऊक नाही. कोणीतरी विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

माणूस भंडाऱ्याकडचा. साठ-एकसष्टच्या सुमारास भिलाईत आला तेव्हा शिक्षण चौथी, आणि कारखान्याच्या गेटवर चौथी पासवाल्यांची काही कमी नव्हती. तेव्हा एका पंजाबी उस्तादाच्या हाताखाली लागला. दहा-बारा वर्षं पाने धुतले, शिव्या खाल्ल्या, इंजिनं उघडली-मिटवली, आणि चौऱ्याहत्तर साली हथखोजात स्वतःची शेड टाकली. दारूला शिवायचा नाही. नवा पार्ट लागत नसेल तर लागत नाही म्हणून सांगायचा, मग मालक कितीही पैसेवाला असो. खोटं बोलणं त्याला जमतच नसे हो. आणि म्हणूनच त्याच्या तोंडून जे निघालं ते लोकांनी डोळे मिटून गिळलं.

त्यांची बायको कमला. कमलाची धाकटी बहीण शेवंता, आणि शेवंताचा नवरा देवीदास रामटेके. म्हणजे देवीदास मारोतरावांचा साडू. भिलाईतल्या कॅम्प-१ वस्तीत दोन्ही घरं पाचेक मिनिटांच्या अंतरावर. देवीदासला ओमप्रकाशशेठच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लावलं तेही मारोतरावांनीच. सळ्या भरायच्या, नागपूरला टाकायच्या, परतीचा माल घेऊन यायचा. माणूस उंचापुरा, बोलायला मऊ आणि आवाज असा, की रविवारी विहारात वंदना त्यानंच म्हणावी, बाकीच्यांनी त्याच्या मागून. लहान पोरंसुद्धा त्याच्या सुरात सूर मिळवून पंचशील म्हणायची. शेवंता तेव्हा विहारात पुढच्या रांगेत बसायची, आणि नवऱ्याचा आवाज लागला की तिची मान आपोआप थोडी वर व्हायची. कमला तिला त्यावरून चिडवायचीही.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात देवीदासच्या गाडीचं पाणी उकळलं. देवरीच्या घाटात बॉनेटमधून वाफ निघाली, गाडी दोन तास उभी. परत आल्यावर मारोतरावांनी तेच केलं जे त्यांच्या उस्तादानं केलं होतं आणि हथखोजातला प्रत्येक मिस्त्री करत होता. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी एक वाटीएवढा पितळी वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह असतो, थर्मोस्टेटचा. इंजिन थंड आहे तोवर तो मिटलेला राहतो, पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन तापलं की उघडतो. आता आपल्याकडचा मे महिना! पंचेचाळीस डिग्रीत हा वॉल अडकला की इंजिन बसलंच म्हणून समजा. म्हणून उन्हाळा आला की मिस्त्री तो काढून टाकत. वॉल काय, थंड देशातल्या गोऱ्यांसाठी केलेला, आपल्याला कशाला हवा, असं उस्ताद म्हणायचा. काढलेला वॉल परत बसवायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी बसवतही नव्हतं. मारोतरावांनी देवीदासच्या गाडीतला वॉल काढला, कागद कापून पॅकिंग लावलं, बोल्ट कसले. देवीदास शेजारी उभा राहून पाहत होता. आता उकळली तर माझं नाव बदल, असं मारोतराव म्हणाले, आणि गाडी खरंच उकळली नाही.

थंडी पडली तसा देवीदास दोनदा-तीनदा कुरकुरत आला. त्याचं म्हणणं, पहाटे गाडी काढली की तापतच नाही. राजनांदगाव मागे पडतं तरी काटा खालीच. सायलेन्सरमधून पांढरा धूर, चढावर जीव नाही. त्यानं रेडिएटरसमोर पोत्याचा तुकडा बांधून पाहिला होता, त्यानं थोडा फरक पडला होता. हे ऐकून मारोतरावांना हसू आलं. चार मिस्त्री ऐकत असताना ते म्हणाले, "गरम झाली तवा रडत होतास, आता थंडी राहून राहिली तं रडून राहिलास. इंजिन थंडं हाय, अजून काय पायजे तुले?" सगळे हसले. देवीदासही थोडा हसला आणि पोत्याचा तुकडा परत बांधून निघून गेला. त्या पोत्याच्या तुकड्यात सगळं उत्तर होतं. पण गाडीचं मिस्त्रीनं ड्रायव्हरला सांगायचं असतं, ड्रायव्हरनं मिस्त्रीला नाही, अशी तिथली रीत होती.

जानेवारीत ओमप्रकाशशेठच्या मुनीमानं हिशेब लावला, की त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनात देवीदासची गाडी बाकीच्या दोन गाड्यांपेक्षा जास्त डिझेल पिते. त्या काळी नागपूरच्या रस्त्यावर ढाब्यामागे ड्रायव्हरकडून चोरीच्या डिझेलचे कॅन विकत घेणारे बसलेले असत, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शेठ भडक डोक्याचा नव्हता. त्यानं देवीदासला काही म्हटलं नाही. गाडी सरळ मारोतरावांकडे पाठवली आणि निरोप दिला, की दोन दिवस घ्या, सगळं पाहा, आणि मला एवढंच सांगा, खोट गाडीत आहे की नाही.

मारोतरावांनी दोन दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. नोझल काढून तपासले. पंप पाहिला, हवेचा फिल्टर पाहिला, डिझेलची टाकी कुठे पाझरते का ते हात फिरवून पाहिलं. चाकं उचलून फिरवली, ब्रेक घासत तर नाहीत ना म्हणून. पेचकसाला कान लावून अर्धा तास ऐकलं. सगळं ठाकठीक. पाण्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाणी उकळत नव्हतं, मग तिथे काय पाहायचं? मे महिन्यात आपल्याच हातानं काढलेला वॉल त्यांच्या डोक्यातूनच गेला होता, कारण तो काढणं हे त्यांच्या लेखी काम केलं होतं, बिघाड नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात धुताना त्यांच्या मनात एकदा आलं, की साडू आहे आपला. काहीतरी सांगून टाकावं, नोझल खराब आहे म्हणावं. आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नात्यासाठी शब्द फिरवला तर उद्या हथखोजात कोण विचारेल आपल्याला? उलट सख्ख्या साडूच्या बाबतीतही आपण खरं तेच सांगतो, या विचारानं त्यांची छाती थोडी फुगलीच. खोटं कशाला बोला, फुगली. त्यांनी शेठच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, गाडीत काही खोट नाही.

देवीदासनं चोरी केली असं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. पुढे पुष्कळ वर्षं ते स्वतःची समजूत अशीच घालत राहिले. पण म्हणायची गरजच काय होती? त्याच संध्याकाळी देवीदासच्या हातातली किल्ली गेली. दुसऱ्या मालकांकडे गेला तर ते आधी हेच विचारत, की तुझ्या साडूनंच सांगितलं ना? सख्खा साडू जिथे पाठीशी उभा राहिला नाही, तिथे परका कशाला गाडी देतो.

देवीदास एकदाच शेडवर आला. भांडला नाही. "तुमी गाडीले पुसलं, मारोतराव. मले नाई पुसलं," एवढं म्हणाला आणि गेला.

विहारात त्याला कोणी काही बोललं नाही हो, आपली माणसं तशी नाहीत. पण पुढच्या रविवारी वंदना म्हणताना चोरीपासून दूर राहण्याचं शील आलं, आणि मागून म्हणणारे आवाज अर्धे झाले. काहींनी खाली पाहिलं, काहींनी त्याच्याकडे. देवीदासनं पुढची शीलं कशीबशी पुरी केली. त्यानंतर तो विहारात मागे बसू लागला, आणि दोन-तीन महिन्यांनी यायचाच बंद झाला. पुढच्या रांगेतली शेवंताची जागाही रिकामी पडली. कॅम्प-१ मधल्या एका पीठगिरणीत त्याला काम मिळालं. एवढा सहा फुटी ड्रायव्हर, दिवसभर पिठानं पांढरा होऊन पोरीबाळींचे डबे वजन करत उभा. मारोतरावांच्या घरचं दळण कमला लांबच्या गिरणीतून आणायची. नवऱ्यानं तसं सांगितलं नव्हतं, पण त्यानं विचारलंही नव्हतं, की इतक्या लांब कशाला जातेस.

आठ वर्षं अशीच गेली. बहिणी-बहिणी सणावाराला भेटत, बोलणं मात्र भाजी-भाकरीपुरतं. लग्नाकार्यात दोघे साडू एका मांडवात आले तर जयभीम घालत आणि वेगवेगळ्या पंगतीला बसत.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात शामसुंदर नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. चाळिशीचा गडी, तोंडाचा फाटका. गाडी दोन वर्षांची, म्हणजे नवीच. त्याची तक्रार, की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, काटा तासभर हलत नाही, डिझेल वाढलंय. मारोतरावांनी नेहमीचंच हसून दाखवलं. पण शामसुंदर कोणाचा साडू नव्हता, त्यानं ऐकून घेतलं नाही. म्हणाला, मागच्या हिवाळ्यात हीच गाडी दुर्ग यायच्या आत तापायची, उन्हाळ्यात तुमचा हात लागला आणि तेव्हापासून ही तऱ्हा झाली, तेव्हा तुम्हीच सांगा तुम्ही काय केलंत.

आजवर असं कोणी बोललं नव्हतं. मारोतरावांचं टाळकं सरकलं. आत्ता दाखवतो याला, म्हणून त्यांनी थंड गाडी चालू करायला लावली. आधी काट्यावर संशय घेतला. काट्याची वायर काढून तिचं टोक उकळत्या पाण्यात बुडवलं, तर काटा झर्रकन वर गेला. म्हणजे काटा खरं बोलत होता. मग त्यांनी रेडिएटरच्या वरच्या पाईपवर हात ठेवला. चालू होऊन दोनच मिनिटं झाली होती. इंजिन थंडगार आणि पाईप कोमट. त्यांनी हात तसाच ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इंजिनात जेवढी ऊब निपजत होती तेवढी जन्मतःच रेडिएटरकडे पळत होती, आणि पंखा ती वाऱ्यावर उडवून देत होता; थंड इंजिन मग डिझेल जास्त पिणारच. दार लावायला कोणी नव्हतंच. दार त्यांनीच काढलं होतं.

तरीही अडेलतट्टूपणा सुटेना. शामसुंदरचं तोंड बंद करायचं म्हणून त्यांनी दुर्गहून नवा वॉल मागवला आणि बसवला. या खेपेला वरचा पाईप गार तो गारच, आणि काटा हळूहळू चढू लागला. दहा मिनिटांत हिरव्या पट्टीत जाऊन उभा राहिला. वरचा पाईप मग एकदम तापला, हात ठेवता येईना. धूर गेला. इंजिनाचा आवाज असा गोल झाला, की शेडमधला म्हातारा वेल्डर धोंडबाही मान वर करून पाहू लागला. मारोतरावांनी स्वतःशीच मान हलवली, उस्तादाला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि कामाला लागले. तेव्हा सुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते दोन आठवड्यांनी. शामसुंदर दुसऱ्याच कामाला आला होता. जाता जाता खुशीत सांगून गेला, की मालक माझ्यावर शक घेऊन राहिला होता, आता डिझेल परत पहिल्यासारखं झालं, तुम्ही माझी अब्रू वाचवली.

मारोतराव स्टुलावर बसले ते बसलेच. मे महिन्यातली ती गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कापलेला कागद, कसलेले बोल्ट, शेजारी उभा देवीदास. आणि मग एकामागून एक, तासभर न हलणारा काटा, पांढरा धूर, पोत्याचा तुकडा. सगळं देवीदासनं सांगितलं होतं, शब्द न् शब्द, आणि आपण चार लोकांत हसलो होतो. एका माणसाची अब्रू वाचवायला एक वॉल आणि अर्धा तास लागला होता. दुसऱ्याची घालवायलाही तेवढाच.

घरी येऊन त्यांनी कमलाला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, आणि आजच जा म्हणाली. ते आज गेले नाहीत, उद्याही गेले नाहीत. जवळजवळ महिना काढला. कधी म्हणत दिवस पाहून जाऊ, कधी म्हणत आता त्याचा संसार मार्गी लागला, जुनी खपली कशाला काढा. शेडवर काम करताना बोल्टाचे आटे उलटे चढवू लागले. कमलानं शेवटी बोलणंच सोडलं त्यांच्याशी, तेव्हा एका मंगळवारी दुपारी ते निघाले.

देवीदास गिरणीतून जेवायला घरी आला होता. खाटेवर बसला होता, भुवयांवर पीठ. मारोतरावांना पाहून उठला, जयभीम घातला, खाट पुढे केली. मारोतराव बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, वॉल काय असतो इथपासून. "गाडीतच खोट होती, देवीदास. अन् ते मीच केली होती. माह्या हातानं," ते म्हणाले. मी ओमप्रकाशशेठला सांगेन, विहारात सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन, असंही म्हणाले.

देवीदासनं भुवयांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "मले कावून सांगून राहिले? मी चोरी नाई केली हे मले तं माहीतच व्हतं. तिले सांगा." आणि त्यानं आतल्या दाराकडे मान वळवली.

मारोतरावांना तोवर कळलंच नव्हतं. शेठ, मालक लोक, विहारातली माणसं, सगळ्यांचा त्यांनी विचार केला होता, पण या घराच्या आत काय झालं असेल तो विचार त्यांना शिवला नव्हता. देवीदासनं सांगितलं, की ज्या दिवशी किल्ली गेली त्या दिवशी शेवंतानं एकच विचारलं, डिझेल कोणाला देत होतात? त्यानं शपथ घेतली. पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. पोतं, काटा, धूर, सगळं सांगितलं, वर्षानुवर्षं सांगत राहिला. शेवंता भांडली नाही, सोडून गेली नाही. स्वयंपाक केला, दुखलंखुपलं काढलं. फक्त, भाऊजी गाडीच्या बाबतीत कधी चुकत नाहीत, एवढंच म्हणायची, आणि विषय संपायचा. मागच्या दोन-तीन वर्षांपासून त्यानंही सांगणं सोडलं होतं.

शेवंता पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आतून तिनं थोडंफार ऐकलंच असणार. तरी मारोतरावांनी तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी खाली मान घालून. वॉल मी काढला, मी विसरलो, डिझेल त्यामुळे जास्त लागत होतं, एक थेंबही कोणी विकला नाही. चूक माझी, पोरी, सगळी माझी, असं म्हणून ते थांबले.

शेवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, मारोतरावांकडेच पाहत होती.

"तुमी म्हणता तं खरंच असन, भाऊजी," ती म्हणाली. "तवा बी तुमी म्हटलं म्हणूनच मानलं व्हतं म्या. आता बी मानतो."

मारोतरावांच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरल्यासारखं झालं, आणि मग त्यांनी देवीदासकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता, किल्ली गेली त्या दिवशीही इतका पडला नसेल. तो उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला, गिरणीची वेळ झाली म्हणाला. मारोतराव त्याच्यामागे अंगणात गेले. त्यांनी त्याचा दंड धरला.

देवीदासनं तो हळूच सोडवून घेतला. "इतकी वर्सं मी तेच सांगत व्हतो, मारोतराव," तो म्हणाला. "तिनं आज बी माहं नाई आयकलं. तुमचंच आयकलं."

तो गेला. गल्लीच्या टोकाशी गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. शेवंतानं डोळे पुसले, आणि भाऊजी इतक्या वर्षांनी घरी आले म्हणून चहा ठेवायला आत गेली.